पार्टिशनपलीकडचं हसू

फटकळ मिस्त्रीचं सायकलचं दुकान म्हणजे अर्धा गाळा. उरलेला अर्धा त्याच्या साडूचा. मध्ये प्लायवूडचं पार्टिशन होतं आणि तेही असं पातळ, की इकडे पान्हा खाली पडला तर तिकडच्या फोटोफ्रेमा थरथरायच्या. दोघांनी मिळून गाळा घेतला तेव्हा लोक म्हणाले, सख्ख्या बहिणींचे नवरे शेजारी बसले, छान झालं. लोकांना म्हणायला काय जातं?

मिस्त्रीचा हात चांगला होता, पण गिऱ्हाईक यायचं ते त्याची जीभ ऐकायला. वाकड्या चाकाचा आऊट काढता काढता तो समोरच्याचाही आऊट काढायचा. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं त्याच्याबद्दल कुणी म्हटलं असतं तर त्याला ते पटलं नसतं. त्याचं प्रत्येक वाक्य त्या माणसाच्या मापाचं असायचं आणि एकाला दिलेलं तो दुसऱ्याला कधी द्यायचा नाही. शिळं अन्न आणि शिळा विनोद पाहुण्याला वाढू नये, असं त्याचं मत होतं.

एकदा एक कारकून गुडघा फोडून, पँट फाडून, वाकडं चाक खांद्यावर घेऊन आला. मिस्त्रीनं त्याला स्टुलावर बसवलं, हातात पाण्याचा ग्लास दिला, स्वच्छ फडकं ओलं करून गुडघ्यावर दाबलं आणि म्हणाला, "रस्ता बापाचा ना? उचलायलाही त्यालाच बोलव!" कारकुनाला इतकं हसू आलं की पाणी नाकातून आलं. सायकल नीट व्हायच्या आधी माणूस नीट झाला. अशी त्याची तऱ्हा.

एका हौशी पोरगेल्या माणसानं नव्या सायकलला सगळ्यात आधी भलीमोठी घंटी लावून घेतली, त्याला तो म्हणाला होता, "सायकलवाल्याला घंटी फुकट मिळते, अक्कल वेगळी घ्यावी लागते." आणि वर त्याचे ढिले ब्रेक न सांगता घट्ट करून दिले होते.

आता साडू. साडूचे हात स्वच्छ असायचे, इथूनच मिस्त्रीचं पोट दुखायला सुरुवात व्हायची. ग्रीस नाही, काजळी नाही, नखं अशी की जणू रोज उठून तोच एक उद्योग करतो. डोक्यावर केस भरपूर. दात सगळे, आणि ते दाखवायची हौस. भेटवस्तूंचं दुकान. घरात काही समारंभ असला की मेव्हणी मुद्दाम सगळ्यांच्या देखत म्हणायची, "आमच्या ह्यांच्या कपड्यांना कधी डाग म्हणून पडत नाही बाई." हे ऐकताना आपली बायको कुणाकडे बघते, ते मिस्त्री डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत असे. ती कुणाकडेच बघायची नाही. त्याला तेही आवडायचं नाही.

एक समाधान मात्र होतं. साडूचं दुकान चालत नव्हतं. प्लास्टिकची फुलं, धूळ खाणाऱ्या फ्रेमा, घोड्याचे पुतळे. मिस्त्री रोज सकाळी शटर वर करताना त्या घोड्यांकडे एक नजर टाकायचा आणि दिवस बरा जायचा.

मग मेव्हणीची कंबर धरली. दुपारी दुकानात तिच्या जागी बसायला माणूस हवं म्हणून तिनं मोठ्या बहिणीला बोलावलं आणि मिस्त्रीची बायको दुपारची पार्टिशनच्या पलीकडे जाऊन बसायला लागली. मिस्त्रीनं विचारलं, "तिकडे कशाला?" ती म्हणाली, "धाकटीला बरं नाही." यावर काय बोलणार? बहिणीच्या कंबरेविरुद्ध कुणाचं चाललंय?

आणि मग ते हसू सुरू झालं. दुपारी मिस्त्री पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत असायचा, आणि पलीकडून बायकोचं हसू ऐकू यायचं. आधी दाबलेलं, मग न दाबता आलेलं. घरात ती अशी हसल्याचं त्याला आठवत नव्हतं. घरात ती डबा, गॅस, मुलाची फी, नळाचा वॉशर, एवढंच बोलायची, आणि तोही हूं आणि हां यावर निभवायचा. दिवसभर तोंड चालवून घरी आलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? आणि इथं ती, त्या गुळगुळीत नखांच्या माणसाच्या कुठल्यातरी फालतू विनोदाला, अशी मोकळी हसतेय! त्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. राग आला की त्याची जीभ आणखी धारदार व्हायची. मग समोरच्या गिऱ्हाइकाला तो असं काही ऐकवायचा, आणि तेही पार्टिशनला ऐकू जावं अशा आवाजात, की दुकानातले सगळे पोट धरायचे. घ्या, म्हणावं, इकडेही माणसं हसतात. पण मध्ये दोन क्षण जायचे आणि पलीकडून पुन्हा तिचं हसू यायचं. हा साडू एका मागून एक सोडतो तरी किती, त्याला कळेना.

थोड्याच दिवसांत साडूनं घोडे काढून टाकले. छपाईचं यंत्र आणलं. काचेत चहाचे मग आले, टी-शर्ट आले, किल्ल्यांना लावायचे बिल्ले आणि गाडीच्या मागे चिकटवायचे स्टिकर आले. सगळा माल एकाच विषयावरचा होता, सायकलवाल्यांवर. रस्ता अडवणारे, मध्येच घुसणारे, सिग्नल न पाळणारे सायकलवाले. गाडीवाल्यांना तर असं कुणीतरी बोलायलाच हवं होतं. रांग लागली. मिस्त्रीनं एकदा जाता जाता काचेत डोकावून पाहिलं आणि तो जागच्या जागी उभा राहिला.

पांढऱ्या मगावर काळ्या ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: रस्ता बापाचा ना? उचलायलाही त्यालाच बोलव!

शेजारी घंटी आणि अक्कल. त्याच्या शेजारी आणखी एक. सगळी वाक्यं मिस्त्रीची. एकच माल साडूच्या स्वतःच्या डोक्यातला होता: ओळीनं लहान लहान सायकली, प्रत्येकीवर लाल फुली आणि खाली 'आजचा स्कोअर'. बघूनच कळत होतं की हे दुसऱ्या कुणाचं तरी आहे. त्यात गंमतच नव्हती.

चोरी झाली म्हणून माणसाला राग यावा. मिस्त्रीला राग आला तो रांगेचा. आपण इतकी वर्षं हे फुकट वाटलं, आणि याच्याकडे लोक रांग लावून घेतात!

त्या संध्याकाळी बायकोनं पिशवीतून तोच मग काढला. बापाच्या रस्त्याचा. त्यात स्वतःसाठी चहा ओतला, मग फिरवून वाक्य पुन्हा वाचलं आणि हसली. तेच, दुपारचं हसू.

"काय डोकं आहे हो माणसाचं!" ती म्हणाली.

मिस्त्रीच्या जिभेवर आलं होतं, अगं, ते माझं आहे. पण आपल्या बायकोला आपलं वाक्य आपलं आहे म्हणून सांगावं लागणं, याहून मोठा अपमान कुठला? तो म्हणाला, "हूं." आणि चहा अर्धा टाकून उठला. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते हेच, असं त्याच्या मनात आलं, आणि रात्रभर ते कुसळासारखं टोचत राहिलं.

मत्सराला नुसतं फिरता येत नाही, त्याला अंगावर घालायला काहीतरी लागतं. मिस्त्रीला ते गणिताच्या बाईंनी आणून दिलं. बाई शाळेत शिकवायच्या, पावसापाण्यात सायकलनंच जायच्या, आणि त्यांचा त्याच्या हातावर फार विश्वास. त्या आल्या तेव्हा त्यांचं कोपर सोललेलं होतं.

"मागून मोठी व्हॅन आली, मिस्त्री," त्या म्हणाल्या. "इतकी जवळून, की मी कडेच्या चिखलात उतरले. पुढे गेल्यावर तिच्या मागे लिहिलेलं दिसलं. तो बाप आणि उचलायचं आणि काय काय. आणि त्या फुल्या मारलेल्या सायकली. मी आणि आमच्यातले काही जण तुमच्या दुकानदार संघटनेकडे तक्रार करणार आहोत. तुम्ही आमच्या बाजूनं बोलाल ना? तुमच्याशिवाय आमचं कोण आहे?"

मिस्त्रीनं त्यांच्या कोपराला मलम लावलं. त्याला खरंच वाईट वाटलं, नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर त्या वाईट वाटण्याच्या तळाशी एक गार, गोड घोट होता. आता तो साडूचं दुकान बंद पाडणार होता, आणि तेही तत्त्वासाठी.

"बोलेन म्हणजे काय!" तो म्हणाला. "चामडी लोळवेन त्याची!"

बैठक गाळ्यांच्या वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये भरली. अध्यक्ष चष्म्याचे दुकानदार होते, शांत गृहस्थ, कुणाला वाईट वाटू नये म्हणून सगळ्यांनाच थोडं थोडं हो म्हणणारे. मागच्या खुर्च्यांवर मिस्त्रीची बायको आणि मेव्हणी बसल्या होत्या. आपली बायको साडूच्या बाजूच्या रांगेत बसली आहे हे मिस्त्रीनं लगेच टिपलं.

साडू चांगला बोलला. गुळगुळीत माणसं बोलतातच चांगली.

"मी कुणाला मारलं का? कुणाचं नाव घेतलं का?" तो म्हणाला. "आपल्याला बोलायचं स्वातंत्र्य आहे की नाही? आज म्हणाल सायकलवाल्यांवर विनोद नको. उद्या टक्कलवाले येतील. परवा म्हणतील, चष्मेवाल्यांना हसायचं नाही. मग अध्यक्षसाहेब, आपण सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावून बसायचं का?"

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. टक्कल त्यांनाही होतं.

मग मिस्त्री उठला. त्यानं तयारी केली होती. "स्वातंत्र्य म्हणजे काय कुणालाही काहीही बोलायचं?" त्यानं दणक्यात सुरुवात केली. "ज्या माणसाच्या डोक्यावर पत्रा नाही, बाजूला दार नाही, त्याला मागून येऊन असं ऐकवायचं? ही मर्दुमकी आहे? ज्याच्या डोक्यातून हे निघालं, त्याला लाज वाटायला हवी!"

सायकलवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी मान डोलावली. मिस्त्री घाम पुसत खाली बसला. आता फक्त शेवटचा घाव बाकी होता.

पण अध्यक्ष म्हणाले, की निर्णय द्यायचा तर आधी माल काय आहे ते सर्वांना कळलं पाहिजे, आणि त्यांनी एकेक मग उचलून, चष्मा नाकावर सरकवून, बातम्या वाचाव्यात तशा आवाजात वाक्यं वाचायला घेतली. पहिल्याला कुणीतरी खुदकन हसलं. घंटी आणि अकलेला अर्धा हॉल हसला. बापाच्या रस्त्याला तर तक्रारीला आलेल्या एका सायकलवाल्यानंच मांडीवर थाप मारली. आणि त्या सगळ्या हसण्यावर तरंगत, मागच्या रांगेतून, त्याच्या बायकोचं हसू आलं. साडू उभा राहून, किंचित मान झुकवून, ते सगळं हसू स्वीकारत होता. आहेर घ्यावा तसं.

मिस्त्रीला ते बघवलं नाही. तो उठला कधी, त्यालाच कळलं नाही.

"माझी आहेत ती!" तो ओरडला. "सगळी माझी आहेत! एकूण एक! याला सात जन्मात सुचायची नाहीत!"

अध्यक्षांनी हातातला मग हळूच खाली ठेवला.

"म्हणजे," ते म्हणाले, "मघाशी लाज कुणाला वाटायला हवी म्हणालात?"

यावर जो हशा झाला, तो मात्र मिस्त्रीचा नव्हता.

हशा ओसरल्यावर गणिताच्या बाई बोलल्या. आवाज न चढवता. "अजून एक मग राहिलाय," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी तो स्वतःच उचलून वाचला. "देव सायकलवाल्याला दोन चाकं देतो आणि डोकं जमा करून घेतो." त्यांनी मिस्त्रीकडे पाहिलं. "हे तुम्ही मला म्हणाला होतात. मी आठवडाभर ढिल्या चाकावर फिरत होते तेव्हा."

"तेव्हा तुम्ही हसला होतात, बाई," मिस्त्री म्हणाला.

"हसले होते. तेव्हा तुम्ही माझ्या सायकलजवळ खाली बसून नट आवळत होतात. आता ते मागून येतं, हॉर्न वाजवत."

मिस्त्री खुर्चीत खाली बसला.

अध्यक्षांनी मग त्यांच्या पद्धतीचा निकाल दिला. फुल्या मारलेल्या सायकली बंद, कारण तो विनोद नव्हे, धमकी आहे. बाकीच्या वाक्यांचं काय? तक्रारीच्या बाजूनं बोलणारा आणि वाक्यांचा मालक जर एकच असेल, तर संघटनेनं मध्ये का पडावं? ते साडूसाडूंनी घरात मिटवावं. साडूनं हसत मिस्त्रीच्या खांद्यावर हात टाकला. "एवढंच ना साडूभाऊ? आधी सांगायचं! नाव टाकतो तुमचं."

आणि त्यानं टाकलं. पुढच्या खेपेपासून प्रत्येक मगावर, प्रत्येक स्टिकरवर, वाक्याखाली: फटकळ मिस्त्री. मिस्त्री नको म्हणाला नाही. उलट काचेसमोरून जाताना त्याची चाल जरा संथ व्हायची. सिग्नलला एखाद्या गाडीच्या मागे आपलं नाव दिसलं की छाती फुगायची. कुणी गाडीवाला काच खाली करून ओरडायचा, "मिस्त्री, एक नंबर!" त्याला वाटायचं, आता बायको बघू दे.

बायको मात्र तो मग पुन्हा काढेना.

मग एका सकाळी गणिताच्या बाई समोरून गेल्या. सायकल हातात, मागचं चाक पार बसलेलं. त्या दुकानासमोर थांबल्या नाहीत. मिस्त्री फडक्यानं हात पुसत रस्त्यावर आला. "बाई, पंक्चर आहे!" बाई वळल्या. "माहीत आहे," त्या नम्रपणे म्हणाल्या. "पुढे टाकते." पुढचं दुकान दोन सिग्नल पलीकडे होतं आणि ऊन चढलं होतं. त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीला वळसा घालून एक गाडी गेली, आणि तिच्या मागे मिस्त्रीचं नाव होतं, लांबून वाचता येईल एवढं.

तो तसाच साडूच्या दुकानात शिरला.

"बंद कर," तो म्हणाला. "माझी सगळी बंद. तुला काय लिहायचं ते तुझ्या तोंडचं लिही, मी अडवायला येणार नाही. माझं नको."

"अहो, नाव तर टाकलं!"

"नावासकट बंद कर."

साडूचे दात पहिल्यांदाच झाकले गेले. "नवी छापत नाही, झालं? घरातली गोष्ट आहे. पण गेली ती मी कुठून परत आणू? लोकांच्या गाड्या धरून खरवडत बसू?" आणि मग, जरा घुश्शातच, तो म्हणाला, "आणि मी चोरली म्हणून माझ्यावर का डाफरता? मी पार्टिशनला कान लावून नव्हतो बसलो. मला ती सांगितली कुणी, ते घरी विचारा."

मिस्त्री दुकान उघडं टाकून घरी गेला. बायको स्वयंपाकघरात होती. त्याला अवेळी बघून तिनं काही न विचारता चहा टाकला. स्वतःसाठी तिनं फळीच्या मागून तो जुना मग काढला. बिननावाचा.

"तू सांगायचीस त्याला?" त्यानं विचारलं.

"सांगायला नव्हते जात," ती म्हणाली. "मी हसायचे. तो विचारायचा, ताई, एवढं काय झालं? मग सांगायचे. तुम्ही पलीकडे बोलायचात ते सगळं ऐकू यायचं." तिनं मगाची कड बोटानं पुसली. "छापतो म्हणाला तेव्हा मी म्हटलं होतं, ह्यांचं नाव टाक. म्हणाला, जागा नाही."

दुपारची सगळी हसणी मिस्त्रीच्या डोक्यात एकदम उलटी फिरली. तो चिडून मोठ्यानं बोलायचा, आणि दोन क्षणांनी पलीकडून हसू यायचं. तो त्या हसण्यावर जळत होता. स्वतःवरच.

"मग मला का नाही सांगितलंस? त्या दिवशी, मग आणलास तेव्हा?"

"म्हटलं की. काय डोकं आहे माणसाचं, म्हटलं. तुम्ही हूं म्हणालात." तिनं चहा ओतला. "इतकी वर्षं त्या सायकलवाल्यांचा हेवा वाटायचा मला. गुडघा फुटला तरी चालेल, पण तुम्ही असं काही मलाही बोलावं. घरात कधी एक वाक्य आणलंत का? शेवटी मला ते दुकानातून आणावं लागलं."

बाहेर कुठंतरी हॉर्न वाजला. मिस्त्रीनं कप घेतला आणि खाली ठेवला. त्याच्या बोटांचे काळे ठसे कपावर उमटले.

"उद्यापासून तिकडे बसू नकोस," तो म्हणाला. "इकडे, माझ्या बाजूला बस."

ती जरा हसली. दुपारचं नव्हे, दुसरंच हसू.

"इकडे बसले तर तुम्ही बोलणार नाही."

"बोलेन की!"

"बोला."

ती मग दोन्ही हातांत धरून त्याच्यासमोर बसली, खरोखर ऐकायला. मिस्त्रीनं तोंड उघडलं. कारकुनासाठी सुचलं होतं, घंटीवाल्यासाठी सुचलं होतं, बाईंसाठी सुचलं होतं. त्यानं तिच्याकडे पाहिलं, तिच्या कानामागे गेलेल्या पांढऱ्या बटेकडे पाहिलं, आणि तिच्या मापाचं वाक्य शोधलं.

"चहा निवतोय," तो म्हणाला.